मोल : न दिसणारे कण मोजण्याचे माप



अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या आपल्या मुलामुलींपैकी काहींची रसायनशास्त्राशी पहिल्या दोन महिन्यांतच फारकत होते. ही फारकत कोठे होते याचा शोध घेतला तर बहुतेक वेळा बोट एकाच शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे 'मोल'. नववी-दहावीत त्याची तोंडओळख झालेली असते, व्याख्या पाठ असते, परीक्षेत ती लिहून गुणही मिळालेले असतात. परंतु अकरावीत पहिले उदाहरण समोर येताच पेन थांबतो. पुढे द्रावणे, वायूंचे नियम, विद्युत् रसायन, समतोल अशी जी प्रकरणे येतात त्या सर्वांचा पाया मोल हाच आहे. पायाच कच्चा राहिला की पुढची भिंत उभी राहत नाही. मग विद्यार्थी म्हणतो, "मला विज्ञान जमत नाही," आणि घरची माणसेही ते खरे मानून त्याला दुसऱ्या शाखेत घालतात. वास्तविक त्याला विज्ञान जमत नाही असे नसते. एक माप त्याला कोणी नीट समजावून दिलेले नसते, एवढेच.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा एकच विषय आपण सावकाश, पहिल्या पायरीपासून समजून घेऊ. यासाठी गुणाकार-भागाकार यापलीकडे कोणत्याही गणिताची गरज नाही.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू

मराठीत मोल म्हणजे किंमत. मोलमजुरी, अनमोल, मोलकरीण हे शब्द आपल्या घरात रोजचे आहेत. त्यामुळे पुस्तकातील मोल म्हणजेही कशाची तरी किंमत असावी असे मुलांना वाटते. तसे नाही. रसायनशास्त्रातील मोल हा शब्द जर्मन भाषेतून आला. विल्हेल्म ओस्टवाल्ड या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात तो वापरात आणला. त्याचे मूळ ढीग किंवा राशी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तेव्हा 'मोल म्हणजे कणांची एक ठरावीक रास' असे मनात धरावे, म्हणजे वाट चुकणार नाही.

मोजणे आणि तोलणे

आपल्या वऱ्हाडात बाजाराचे दोन प्रकार आहेत. वरूड-मोर्शीकडची संत्री शेकड्याने, हजाराने मोजली जातात. केळी डझनाने घेतात. वह्यांचा कागद रिमाने येतो. उलट अकोल्याच्या बाजारात कापूस क्विंटलने तोलतात. कापसाची बोंडे कोणी मोजत बसत नाही. का मोजत नाही? कारण वस्तू लहान आणि संख्या अफाट असली की मोजणे अशक्य होते, आणि मग तराजू हाती घ्यावा लागतो.

जोडी म्हणजे २, डझन म्हणजे १२, कोडी म्हणजे २०, शेकडा म्हणजे १००, रीम म्हणजे ५००. ही सर्व संख्यांची नावे आहेत. डझनाला वजन नसते. एक डझन लिंबे आणि एक डझन टरबुजे यांचे वजन वेगळे, पण संख्या एकच. मोल हे याच माळेतील पुढचे नाव आहे. फरक एवढाच की अणू अतिशय लहान असल्यामुळे या नावामागची संख्या अतिशय मोठी घ्यावी लागली आहे.

आता कळीची गोष्ट पहा. तोलूनही मोजता येते. कृषी विद्यापीठात बियाण्याचा अभ्यास करताना १०० दाण्यांचे वजन काढतात. समजा, तुरीच्या १०० दाण्यांचे वजन १० ग्रॅम भरले आणि हरभऱ्याच्या १०० दाण्यांचे २० ग्रॅम. म्हणजे हरभऱ्याचा एक दाणा तुरीच्या एका दाण्याच्या दुप्पट जड आहे. आता कोणी विचारले, "माझ्याजवळ १ किलो तूर आहे. तेवढेच दाणे भरतील इतका हरभरा द्या," तर आपण दाणे मोजत बसणार नाही. सरळ २ किलो हरभरा तोलून देऊ. दोन्हींत दाणे १०,००० च असणार. एकही दाणा न मोजता आपण दाण्यांची संख्या बरोबर जुळविली.

या उदाहरणातून नियम असा निघतो : दोन वस्तूंच्या एकेका नगाचे वजन ज्या प्रमाणात असेल, त्याच प्रमाणात त्या तोलून घेतल्या तर दोन्हींतील नगांची संख्या सारखी येते. मित्रांनो, मोलाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. हे वाक्य पटले नसेल तर पुढे वाचू नका. घरातील तूर आणि हरभरा घ्या, शंभर-शंभर दाणे मोजा, किराणा दुकानातील काट्यावर तोलून पहा आणि मग पुढे या.

दाण्यांकडून अणूंकडे

तुरीच्या जागी आता हायड्रोजनचा अणू घ्या आणि हरभऱ्याच्या जागी कार्बनचा. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका. त्याचे अणुवस्तुमान १ धरले तर कार्बनचे १२, नायट्रोजनचे १४, ऑक्सिजनचे १६, सोडिअमचे २३, गंधकाचे ३२, क्लोरीनचे ३५.५ आणि कॅल्शिअमचे ४० येते. म्हणजे कार्बनचा एक अणू हायड्रोजनच्या एका अणूच्या बारा पट जड आहे. ही सर्व संख्या सोयीसाठी किंचित पूर्णांकात आणलेली आहे. शालेय उदाहरणांना तेवढे पुरे.

आता वरील नियम लावा. हायड्रोजन १ ग्रॅम, कार्बन १२ ग्रॅम, ऑक्सिजन १६ ग्रॅम, सोडिअम २३ ग्रॅम असे तोलून घेतले तर प्रत्येकात अणूंची संख्या एकच असली पाहिजे. ही जी सामाईक संख्या, तितक्या कणांच्या राशीला एक मोल म्हणतात. त्या संख्येला अ‍ॅव्होगॅड्रो अंक असे नाव असून ती ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढी आहे.

संयुगाच्या बाबतीत घटक अणूंच्या वस्तुमानांची बेरीज करावयाची. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे २ अणू आणि ऑक्सिजनचा १. म्हणून २ + १६ = १८. अर्थात १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी. मिठात सोडिअम व क्लोरीन एकास एक. २३ + ३५.५ = ५८.५. म्हणून ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल मीठ. ग्लुकोजमध्ये कार्बन ६, हायड्रोजन १२ आणि ऑक्सिजन ६. म्हणजे ७२ + १२ + ९६ = १८०. तेव्हा १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल.

सूत्र एकच आहे. दिलेले वजन ग्रॅममध्ये घ्या आणि त्याला एका मोलाच्या वजनाने भागा. उत्तर येते ते मोलांत. उलट मोलांना एका मोलाच्या वजनाने गुणले की ग्रॅम मिळतात. तुरीचे दाणे काढताना आपण हेच करीत होतो.

ही संख्या कोणी शोधली?

१८११ साली इटलीतील आमादेओ अ‍ॅव्होगॅड्रो याने असे मत मांडले की, तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. परंतु ती संख्या किती, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या मताकडे जवळजवळ पन्नास वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८५६ मध्ये तो वारला. त्यानंतर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे त्याचाच देशबांधव कान्निझारो याने हे मत पुन्हा नेटाने मांडले आणि अणुवस्तुमानांचा गोंधळ त्यामुळे सुटू लागला. १८६५ मध्ये ऑस्ट्रियाच्या लोश्मिट याने हवेतील रेणूचा आकार आणि त्यावरून रेणूंची संख्या यांचा पहिला अंदाज बांधला. पुढे फ्रान्सच्या झां पेरँ याने झाडाच्या पिवळ्या डिंकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात सोडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची हालचाल आणि खाली-वर होणारी विभागणी मोजली, आणि १९०९ च्या सुमारास या संख्येचे विश्वसनीय मूल्य दिले. तिला अ‍ॅव्होगॅड्रोचे नाव द्यावे ही सूचनाही पेरँचीच. १९२६ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोलाची व्याख्याही बदलत आली आहे. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मोल हे मूलभूत एकक म्हणून घेतले गेले. त्या वेळी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतील तितके कण म्हणजे एक मोल, अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली. आता ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात एवढे कण म्हणजे एक मोल, असे सरळ संख्येनेच ठरविले आहे. जुनी पुस्तके वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. उदाहरणे सोडविताना मात्र त्याने काहीही फरक पडत नाही.

'बहुल' आणि मोल

आपल्या वाचकांना येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ललितविस्तर या संस्कृत बौद्ध ग्रंथात राजपुत्र सिद्धार्थाच्या परीक्षेचा एक प्रसंग आहे. अर्जुन नावाचा शाक्यांचा गणिती त्याला कोटीच्या पुढील संख्यांची नावे विचारतो. सिद्धार्थ शंभर-शंभरच्या पटीने वर चढत जाऊन ती सांगतो. शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, आणि पुढे याच रीतीने कंकर, विवर, अक्षोभ्य, विवाह, उत्संग, बहुल अशी नावे येतात. ही यादी तल्लक्षण या संख्येपर्यंत, म्हणजे १० च्या ५३ व्या घातापर्यंत जाते.

आता आपण हिशेब करू. कोटी म्हणजे १ वर ७ शून्ये. प्रत्येक पायरीला २ शून्ये वाढतात. अयुतावर ९, नियुतावर ११, कंकरावर १३, विवरावर १५, अक्षोभ्यावर १७, विवाहावर १९, उत्संगावर २१ आणि बहुलावर २३ शून्ये. म्हणजे बहुल बरोबर १० चा २३ वा घात होतो! तेव्हा मराठीत सांगावयाचे तर एक मोल म्हणजे सुमारे सहा बहुल कण.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. 'पाहा, आपल्या पूर्वजांना अ‍ॅव्होगॅड्रो अंक ठाऊक होता' असे जर कोणी या गोष्टीवरून म्हणू लागला, तर ते चूक होईल. त्या ग्रंथात संख्येचे नाव आहे, मोजमाप नाही. १८ ग्रॅम पाण्यात सहा बहुल रेणू असतात हे कळण्यासाठी तराजू, सूक्ष्मदर्शक आणि शंभर वर्षांचे प्रयोग लागले. मोठ्या संख्यांना नावे देण्याचे धाडस आपल्या परंपरेत होते, याचा आनंद जरूर मानावा. पण केवळ ग्रंथात आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, हा भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपल्याला येथेही लागू आहे.

ही संख्या किती मोठी?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. एवढ्या सर्व माणसांनी, तान्ह्या बाळांसह, दर सेकंदाला एक रेणू या वेगाने रात्रंदिवस मोजणी केली, तर १८ ग्रॅम पाण्यातील रेणू मोजून संपायला सुमारे १७ कोटी वर्षे लागतील. १८ ग्रॅम पाणी म्हणजे जेमतेम एक घोट. म्हणूनच तेथे मोजणे सोडून तोलावे लागते.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न योग्य आहे. आपल्याच जिल्ह्यांतील तीन गोष्टी घेऊ.

पहिले उदाहरण : जलसंजीवनीची पुडी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर हगवणीची साथ येते. मेळघाटातील पाड्यांपासून अकोल्याच्या वस्त्यांपर्यंत लहान मुलांना तिचा मोठा धोका असतो. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. वजनाने पाहिले तर ग्लुकोज मिठाच्या पाचपट दिसते. आता मोल काढू. ग्लुकोज : १३.५ भागिले १८० = ०.०७५ मोल. मिठातील सोडिअम : २.६ भागिले ५८.५ = ०.०४४ मोल. सायट्रेटच्या एका मोलाचे वजन, स्फटिकातील पाण्यासह, २९४ ग्रॅम असून त्यात सोडिअमचे ३ अणू असतात. म्हणून २.९ भागिले २९४, गुणिले ३ = सुमारे ०.०३० मोल. दोन्ही मिळून सोडिअम सुमारे ०.०७५ मोल. म्हणजे ग्लुकोजचे रेणू आणि सोडिअमचे कण जवळजवळ एकास एक आहेत!

हा योगायोग नव्हे. आतड्याच्या आतील स्तरात ग्लुकोज आणि सोडिअम हे एकमेकांच्या सोबतीने शरीरात शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरते. शरीराला ग्रॅम कळत नाहीत, त्याला कणांची संख्या कळते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने हे सूत्र मोलांत बसविले आहे.

आता यातील धोका लक्षात घ्या. एक लिटरची पुडी कोणी घाईने एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात कालविली, तर दर लिटरमागे कणांची संख्या पाचपट होते. असे दाट द्रावण पोटात गेले की शरीरात पाणी येण्याऐवजी ते शरीरातून आतड्यात ओढले जाते आणि बाळाचा जीव अधिकच धोक्यात येतो. पुडी पूर्ण, पाणी पूर्ण एक लिटर, हे आपल्या प्रत्येक मातेला ठाऊक असले पाहिजे. वाचता येणाऱ्या मुलाने आपल्या आईला हे आजच समजावून सांगावे. मोल शिकल्याचा हा पहिला उपयोग समजावा.

दुसरे उदाहरण : खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट आणि जमीन काळी, चिकण. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडिअममुळे ती पावसात चिखल होऊन बसते आणि वाळली की दगडासारखी होते. अशा चोपण जमिनीला जिप्सम टाकण्याची शिफारस करतात. का? जिप्सममधील कॅल्शिअम मातीवरील सोडिअमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडिअम पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातो. अट एवढीच की शेतातून पाण्याचा निचरा झाला पाहिजे.

मात्र ही अदलाबदल किलोस किलो होत नाही, कणांच्या हिशेबाने होते. कॅल्शिअमचा एक आयन सोडिअमच्या दोन आयनांची जागा घेतो. सोडिअमचे २ मोल म्हणजे ४६ ग्रॅम. त्यासाठी जिप्समचा १ मोल हवा. जिप्सममध्ये कॅल्शिअम ४०, गंधक ३२, ऑक्सिजनचे ४ अणू मिळून ६४ आणि पाण्याचे २ रेणू मिळून ३६ अशी बेरीज १७२ ग्रॅम होते. म्हणजे ४६ ग्रॅम सोडिअम हटविण्यासाठी १७२ ग्रॅम जिप्सम. एक किलो सोडिअमसाठी १७२ भागिले ४६ = सुमारे ३.७४ किलो शुद्ध जिप्सम लागेल. प्रत्यक्ष एकरी मात्रा माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावी, कारण जमिनीत सोडिअम किती आणि बाजारातील जिप्सम किती शुद्ध, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेथील माती परीक्षणाचा अहवाल वाचता येणारा मुलगा घरात असला, तर शेतीचा खर्च डोळे झाकून होत नाही.

तिसरे उदाहरण : युरियाची गोणी. गोणीवर '४६ टक्के नत्र' असे छापलेले असते. ते खरे कशावरून? युरियाच्या रेणूत कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २ आणि हायड्रोजन ४. म्हणजे १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यात नायट्रोजन २८. तेव्हा २८ भागिले ६०, गुणिले १०० = ४६.७ टक्के. शुद्ध युरियात यापेक्षा अधिक नत्र असूच शकत नाही. उद्या कोणी '६० टक्के नत्राचा युरिया' म्हणून काही विकू लागला, तर तो खोटे बोलत आहे हे दहावीचा विद्यार्थी कागद-पेन्सिलने सिद्ध करू शकतो. ज्ञानाने फसवणूक टळते, ती अशी.

'एहिपस्सिको' : या आणि स्वतः पहा

धम्माला एहिपस्सिको म्हटले आहे. विज्ञानाचेही तेच. म्हणून एक प्रयोग देतो. तो शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावा.

खाण्याचा सोडा ८४ ग्रॅम अचूक तोलून कोरड्या लोखंडी कढईत घ्या. मध्यम आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत तापवा. त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. थंड झाल्यावर पुन्हा तोला. पुन्हा थोडे तापवून वजन आणखी घटत नाही याची खात्री करा. उरलेली पूड म्हणजे धुण्याचा सोडा होय. तिला हात लावू नये आणि ती खाऊ नये.

प्रयोगापूर्वी उत्तर काढून ठेवा. खाण्याच्या सोड्यात सोडिअम २३, हायड्रोजन १, कार्बन १२ आणि ऑक्सिजन ४८, एकूण ८४. म्हणजे आपण बरोबर एक मोल घेतला. त्याच्या २ मोलांपासून धुण्याच्या सोड्याचा १ मोल बनतो. त्याचे वजन ४६ + १२ + ४८ = १०६. म्हणून १ मोलापासून ५३ ग्रॅम उरावयास हवे. समजा, कोणी म्हणाला की तेथे धुण्याचा सोडा नव्हे, दाहक सोडा बनतो. तसे असते तर एका मोलापासून २३ + १६ + १ = ४० ग्रॅम उरले असते. दोघांपैकी खरा कोण, हे तराजू सांगेल. वाद आवाज चढवून नव्हे, तराजूने मिटवावयाचा असतो. आपल्या विहारातील चर्चांनाही ही सवय लागली तर बरे होईल.

नेहमी होणाऱ्या चुका

१. मोल म्हणजे वजन नव्हे. मोल ही संख्या आहे. एका मोलाचे वजन पदार्थागणिक बदलते.

२. कोणत्या कणाचा मोल ते सांगितलेच पाहिजे. 'ऑक्सिजनचा एक मोल' हे अपुरे आहे. अणूंचा असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२ ग्रॅम. नुसते 'एक डझन' म्हटल्यावर दुकानदार 'कशाचे?' म्हणून विचारतो, तसेच हे.

३. २२.४ लिटर हा आकडा फक्त वायूंसाठी, आणि तोही शून्य अंश सेल्सिअस व एक वातावरण दाब असतानाच. पाण्याला किंवा मिठाला तो लावू नये. पाण्याचा एक मोल अवघा १८ मिलिलिटर असतो.

४. रासायनिक समीकरणातील आकडे मोलांचे प्रमाण दाखवितात, ग्रॅमचे नव्हे. हायड्रोजनचे २ मोल आणि ऑक्सिजनचा १ मोल मिळून पाण्याचे २ मोल होतात. ग्रॅममध्ये ते ४ + ३२ = ३६ असे जुळते.

५. ग्रॅम आणि किलोग्रॅम यांचा घोळ करू नये. आधी सर्व ग्रॅममध्ये आणावे, मग भागावे.

स्वाध्याय

१. ९ ग्रॅम पाण्यात किती मोल आणि किती रेणू असतात?

२. ४५ किलो शुद्ध युरियात युरियाचे किती मोल असतील? त्यात नायट्रोजन किती किलो?

३. पारसच्या औष्णिक विद्युत् केंद्रात कोळसा जळतो. १ किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळाला तर किती कार्बन डायऑक्साइड तयार होईल?

४. २ ग्रॅम हायड्रोजन वायू आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायू यांपैकी रेणू कशात जास्त?

५. १०० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम ग्लुकोज यांपैकी मोल कशाचे जास्त?

उत्तरे : १. अर्धा मोल, सुमारे तीन बहुल रेणू. २. ७५० मोल, २१ किलो. ३. ४४ भागिले १२, म्हणजे सुमारे ३.६७ किलो. ४. दोन्हींत सारखे, एकेक मोल. ५. मिठाचे १.७१ मोल, ग्लुकोजचे ०.५६ मोल, म्हणून मिठाचे.

उत्तर आधी पाहू नका. चुकले तर पुन्हा करा, आणि जमले की लहान भावंडाला शिकवा. दुसऱ्याला शिकविता आले तरच आपल्याला आले असे समजावे.

समारोप

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. प्रयोगशाळेचे दार आपल्यासाठी सहजासहजी उघडलेले नाही. त्या दारातून आत गेलेला मुलगा केवळ एका न समजलेल्या शब्दामुळे परत फिरावा, हे आपल्याला परवडणारे नाही.

मंडळाच्या सभासदांना म्हणून एक विनंती आहे. विहारात रविवारी तासभर एखादा शिकलेला तरुण, एक काटा, मूठभर तूर आणि मूठभर हरभरा एवढे जमविले तरी हा पाठ शिकविता येतो. त्यासाठी शिकवणी वर्गाची हजारोंची फी लागत नाही. ज्या आईवडिलांनी मोलमजुरी करून मुलांना विज्ञान शाखेत घातले, त्यांच्या मुलांना मोल समजावून देणे ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.